बुर्गोन्यमध्ये चार दिवस: जेवायचं कुठे, प्यायचं कुठे?

पायपीट (पुणे)

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं फ्रान्सला चाललोय. मी, नवरा आणि माझे आई-बाबा. पॅरिस झाल्यावर चार दिवस बुर्गोन्य (बर्गंडी) या वाईनच्या भागासाठी ठेवलेत, मुक्काम बोन गावात. हे चार दिवस बाबांसाठी आहेत. निवृत्त झाल्यावर ते नाशिकच्या वायनऱ्या बघून आले आणि तेव्हापासून वाईनचा रीतसर अभ्यास करतायत. जी बाटली उघडतात तिची वहीत नोंद असते.

प्रश्न जेवणाचा आहे. आई शाकाहारी, ऑम्लेट खाते पण मांस-मासे अजिबात नाही. बाकीचे चिकन आणि मासे खातात, बीफ-पोर्क कुणीच नाही. नेटवर शोधलं की एकतर मिशेलिनचे तारे समोर येतात, नाहीतर ‘दहा ठिकाणं चुकवू नका’ छापाच्या याद्या. आम्हाला एका जेवणाला माणशी २५-३० युरोपर्यंत परवडेल. तिथे राहिलेलं किंवा नीट फिरलेलं कुणी असेल तर सांगा: खायचं काय, कुठे, आणि वाईन चाखायला नेमकं जायचं कसं? गाडी भाड्याने घ्यावी का?

मुक्कामपोस्ट

गाडी घ्याच. आम्ही बोर्दोला घेतली होती, कुठेही थांबता येतं. गावागावातून पाट्या असतात, दिसली वायनरी की आत शिरायचं.

निफाडचा वेल (दिजों)

ताई, मी अकरा वर्षं बोनजवळच्या दिजों शहरात राहतोय. शिकायला आलो होतो, आता इथल्या एका प्रयोगशाळेत वाईनच्या तपासण्या करतो. घरची निफाडला द्राक्षबाग आहे. त्यामुळे तुमच्या बाबांच्या वहीबद्दल वाचलं आणि राहवेना. थोडं लांबलचक होईल.

सगळ्यात आधी इथलं घड्याळ समजून घ्या. दुपारचं जेवण बारा ते दोन. पण दोनपर्यंत केव्हाही जाऊन बसावं असा त्याचा अर्थ नाही. दीडनंतर आलेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी नम्रपणे नाही म्हणतात. पहिल्याच वर्षी मी आणि एक मित्र सायकलने म्यर्सो गावी गेलो, पोचलो सव्वादोनला. अंगणात लोक अजून कॉफी घेत होते, चार टेबलं रिकामी होती, तरी मालकीणबाईंनी मान हलवली. आत एकच आचारी, त्याने चूल बंद केली होती. बेकरीसुद्धा दुपारची मिटलेली. आम्ही आठ किलोमीटर उपाशी पायडल मारत बोनला आलो. त्या दिवसापासून मी कुणालाही एकच गोष्ट सांगतो, बाकीचं सगळं तिच्यामागून येतं: दिवसाचं मुख्य जेवण दुपारी घ्या, सव्वाबाराला टेबलावर असा, आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्या आजूबाजूला बसवा.

याचा पैशालाही फायदा आहे. सोमवार ते शुक्रवार दुपारी बहुतेक रेस्टॉरंटांत ठरलेलं जेवण असतं. बाहेर काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं: ‘प्ला द्यु जूर’ म्हणजे आजचा पदार्थ, आणि ‘फॉर्म्युल’ म्हणजे दोन किंवा तीन पदार्थांचं ताट. १८ ते २५ युरोत उत्तम जेवण होतं. तेच स्वयंपाकघर रात्री ४० च्या पुढे जातं. पाणी विकत घेऊ नका, ‘युन काराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट आणून देतात. सर्व्हिस बिलात धरलेली असते, वर टीप ठेवलीच पाहिजे असं नाही.

वाईनही जेवणासोबतच घ्या. बाबा अभ्यास करणारे आहेत, म्हणजे सकाळी दहापासून तळघरं गाठायचा मोह होईल. रिकाम्या पोटी सहा ग्लास चाखल्यावर सातव्यात काय आहे ते कुणालाच कळत नाही, माझ्या कामात मी हे रोज बघतो. दिवसाला दोन ठिकाणं पुरे, एक साडेदहाला, एक तीनला. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते बिनदिक्कत वापरा. इथे तो अपमान समजत नाहीत, उलट समोरचा माणूस मन लावून चाखतोय असं मानतात.

पाटी दिसली की आत शिरायचं, हे मात्र इथे चालत नाही, मुक्कामपोस्ट. बोर्दोत मोठाल्या मळ्यांमध्ये पाहुण्यांसाठी वेगळी माणसं असतात. इथे बहुतेक घरं म्हणजे नवरा-बायको, एखादा भाऊ आणि दोन गडी. सकाळी तेच वेलीत, दुपारी तेच तळघरात. आधी ईमेल करून वेळ ठरवायची, ठरलेल्या वेळी जायचं, आणि चाखवल्यावर एक-दोन बाटल्या घ्यायच्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तोडणी संपलेली असेल पण तळघरात रस फसफसत असेल. त्या दिवसांत माणसं थकलेली असतात. बऱ्याच ईमेलना उत्तर येणार नाही, वाईट वाटून घेऊ नका.

आता कुठली वाईन प्यायची. बाबांना सांगा की मोठ्या नावांच्या मागे लागू नका. इथली जमीन कशी आहे ते आपल्या माणसाला चटकन कळतं, कारण आपल्याकडेही वाटण्या झाल्यात. क्लो द वूजोचं उदाहरण घ्या. सिस्टर्शियन साधूंनी भिंत घालून वाढवलेला मळा, जेमतेम ५० हेक्टर, आणि आज त्याचे सुमारे ८० मालक आहेत. फ्रेंच क्रांतीत चर्चच्या जमिनी विकल्या गेल्या आणि नंतर विक्री आणि वारसाहक्काने तुकडे पडत गेले. कुणाच्या वाट्याला चार ओळी, कुणाच्या वाट्याला दहा. बांधाच्या अलीकडची वाईन एका भावाची, पलीकडची दुसऱ्याची, आणि चवीत फरक. जमिनीच्या या छोट्या छोट्या तुकड्यांना ‘क्लिमा’ म्हणतात. दिजोंपासून बोनच्या खालपर्यंत असे १,२४७ तुकडे आहेत आणि २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

म्हणून बाबांसाठी एक चाखणी सुचवतो, फार खर्चाची नाही. पोमार आणि व्होल्ने ही शेजारशेजारची गावं. एकाच उत्पादकाची, एकाच वर्षाची, दोन्ही गावांची वाईन शेजारी ठेवून चाखा. वाण एकच, पिनो न्वार. तरी पोमार बहुतेक वेळा अंगाने दणकट लागते आणि व्होल्ने मऊ, सुगंधी. वहीची दोन पानं तिथेच भरतील. पांढऱ्यात म्यर्सो महाग वाटली तर सें-तोबां किंवा सें-रोमां गावची घ्या, लाल हवी असेल तर साव्हिन्यी किंवा मार्सने. आणि आलिगोते ही पांढरी वाईन चुकवू नका. इतकी वर्षं तिला कॅसिसमध्ये (ब्लॅककरंट फळाच्या गोड मद्यात) मिसळायची स्वस्त वाईन म्हणून बाजूला ठेवलं, पण बुझरों गावची आलिगोते थंडगार असताना, गरम गुजेरसोबत घेऊन बघा. गुजेर म्हणजे चीज घातलेले फुगीर, आतून पोकळ, पोरांच्या मुठीएवढे गोळे. बेकरीतही मिळतात.

बोनमध्ये दोन ठिकाणं नावानिशी सांगतो. काव्ह मादलेन, फोबूर मादलेनवर, छोटं आहे, वाईनचा साठा चांगला, स्वयंपाक हंगामाप्रमाणे. आणि मा क्युझिन, एका बोळात आत, त्याची वाईनची यादी म्हणजे जाडजूड पुस्तकच आहे, बाबा जेवण विसरून वाचत बसतील. दोन्हीकडे आधी फोन करून टेबल ठेवा, आणि कुठल्या दिवशी बंद असतं ते विचारून घ्या. शान्यीचं लामेलवाझ तीन ताऱ्यांचं आहे, ते तुमच्या बजेटमधलं नाही, पण लोक त्याच्यासाठी लांबून येतात म्हणून माहीत असावं.

गाडी मात्र घेऊ नका. रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम ही मर्यादा आहे, दोन-तीन ग्लासांतच ओलांडली जाते, आणि पोलीस फुंकायला लावतात. दिजों ते बोन लोकल गाडी वीसेक मिनिटांत पोचते, मधे जव्रे-शांबर्तां आणि न्यूई-सें-जॉर्जला थांबणाऱ्याही गाड्या आहेत. बोनहून सांतनेपर्यंत वेलींमधून जाणारा सायकलमार्ग आहे, पोमार, व्होल्ने, म्यर्सो, प्युलीन्यी सगळी त्यावरच. बोन स्टेशनजवळ बॅटरीच्या सायकली भाड्याने मिळतात.

आईंच्या जेवणाबद्दल उद्या लिहितो, त्याला निवांत वेळ हवा.

लेमानकाठी (जिनिव्हा)

निफाडकरांचं घड्याळाचं म्हणणं शंभर टक्के खरं, त्यात वारही जोडा. आम्ही दोन लहान मुलांना घेऊन रविवारी संध्याकाळी बोनला उतरलो होतो. रविवारची रात्र आणि सोमवार, अर्ध्याहून जास्त शटर खाली. सुपरमार्केटही दुपारीच मिटलेलं. मुलांना हॉटेलच्या खोलीत बिस्किटं आणि केळी खाऊन झोपवलं. शनिवारीच ब्रेड-फळं घेऊन ठेवा.

पायपीट

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! आम्ही गुरुवारी सकाळी पॅरिसहून निघून सोमवारी दुपारी परत जाणार, म्हणजे रविवार येतोच मधे. बाबांचे गुडघे दुखतात, सायकल जमणार नाही. आणि आईचं ऐकायला मी उत्सुक आहे, कारण ती म्हणतेय, ‘मी फळं खाऊन राहीन, माझ्यासाठी कुठे अडू नका.’ मला ते नकोय.

निफाडचा वेल (दिजों)

आईंना फळांवर ठेवायची काही गरज नाही. पण काळजी घ्यावी लागते, आणि ती मी अण्णांमुळे शिकलो.

अण्णा म्हणजे माझे वडील. माळकरी आहेत. मांस-मासे-अंडं नाही, दारूचा तर प्रश्नच नाही. २०१९ च्या सप्टेंबरात ते इथे आले, ऐन तोडणीत. व्होन-रोमाने गावाच्या वरच्या अंगाला मी त्यांना चालत नेलं. रोमाने-कोंती नावाचा मळा आहे तिथे, साडेचार एकराच्या आत. शेजारी दगडी क्रूस, आणि वेलीत शिरू नका अशी विनंतीची पाटी. आमच्याकडे मांडव डोक्यावर असतो, आणि इथे वेली जेमतेम कमरेच्या थोड्या वर. अण्णा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते खोडांकडे बघत राहिले. ‘वर्षाला छाटणी एकच?’ एवढंच विचारलं. आम्ही एप्रिलला एक करतो, ऑक्टोबरला दुसरी.

खाली दुसऱ्या एका मळ्यात तोडणी चालू होती. मी मालकाला विचारलं, माझे वडील भारतातले द्राक्षवाले शेतकरी आहेत, एक घड बघू का. त्याने स्वतः कात्रीने तोडून अण्णांच्या हातावर ठेवला. पिनो न्वारचा घड मुठीत मावतो, मणी वाटाण्याहून जरासे मोठे. अण्णांनी एक मणी तोंडात टाकला, साल चावत राहिले, मग बिया तळहातावर काढल्या आणि अंगठ्याने फिरवून पाहिल्या. ‘बी तपकिरी झालीय. पिकलाय माल,’ म्हणाले. मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. त्या माणसाने स्वतः एक मणी खाल्ला, आपल्या हातावरच्या बिया अण्णांपुढे धरल्या, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसले. तोडणीचा दिवस ठरवताना तोही हेच बघतो.

त्यानंतर त्याने आम्हाला गड्यांच्या जेवणाला बसवलं. मोठं भांडं, बटाटे, गाजर, सगळं एकत्र शिजवलेलं, आणि तळाशी डुकराचं मांस. अण्णांना मी ब्रेड, टोमॅटो आणि अक्रोड दिले. चीज मुद्दाम नाही दिलं. हे आईंनाही सांगा: इथल्या बहुतेक पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात. कॉम्ते नावाच्या चीजमध्येही असतं. काहींना चालतं, काहींना नाही, पण निर्णय त्यांचा त्यांना घेऊ दे.

आता काय सांभाळायचं. ‘व्हेजेतारियां’ म्हटलं तरी काही जण मासा आणून ठेवतात. म्हणून सरळ म्हणा: ‘सां व्यांद, सां प्वासों, सां लार्दों’. म्हणजे मांस नको, मासा नको, लार्दों नको. लार्दों हे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, आपण कोथिंबीर भुरभुरावी तसे ते सॅलडवर, बटाट्यावर, किशमध्ये कुठेही असतात. इथला प्रसिद्ध अंड्याचा पदार्थ आहे, अं म्यरेत, लाल वाईनच्या दाट रश्श्यात दोन अंडी सोडलेली, लसूण चोळलेला पाव बाजूला. दिसायला अंड्याचाच, पण रश्श्यात लार्दों असतातच. कांद्याचं सूप आईंना चालेल असं वाटेल, ते बहुतेकदा बीफच्या पाण्यात करतात, विचारल्याशिवाय घेऊ नका.

निर्धास्त ठिकाण म्हणजे क्रेपरी. बोनमध्येही आहेत, दिजोंमध्येही. कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं, त्यात अंडं, चीज, मशरूम, पालक, जे सांगाल ते, तुमच्या डोळ्यांदेखत. चांगल्या रेस्टॉरंटातही आदल्या दिवशी फोनवर सांगितलं तर भाज्यांचं वेगळं ताट करून देतात, कधीकधी इतकं सुंदर की बाकीचे बघत बसतात. आयत्या वेळी सांगितलं तर मात्र सॅलडवर भागवावं लागतं.

तुमच्या दिवसांचं म्हणाल तर गुरुवारी बोनला सामान टाकून ओतेल-द्यो बघा. १४४३ मध्ये निकोला रोलँ या मंत्र्याने गोरगरिबांसाठी बांधलेलं हे रुग्णालय, रंगीत कौलांचं छत, आणि खाटांची लांबलचक दालनं. त्यालाच लोकांनी वेली दान केल्या. त्यांच्या वाईनचा लिलाव दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो. समोरच आतेनेओम हे पुस्तकांचं आणि वाईनचं दुकान आहे, बाबांना तिथे तासभर सोडून द्या.

शुक्रवारी दिजोंला या. लोखंडी छताच्या जुन्या मंडईत सकाळी बाजार असतो, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार. दुपारी चिकन खाणाऱ्यांनी पुले गास्तों-जेरार मागवा, मोहरी, कॉम्ते आणि पांढऱ्या वाईनच्या सॉसमधलं, इथल्याच एका महापौरांच्या नावाचं. संध्याकाळी ड्यूकच्या वाड्यासमोर, अर्धगोल चौकात बसून कीर घ्या: तळाला कॅसिसचं मद्य, वर आलिगोते. तेही महापौरांचंच नाव, फेलिक्स कीर, धर्मगुरू होते आणि १९४५ पासून १९६८ पर्यंत महापौर. येणाऱ्या पाहुण्याला ते हेच पेय देत, म्हणून जुनं नाव मागे पडून त्यांचं नाव चिकटलं. आईंसाठी कॅसिसचं बिनदारूचं सरबत मागा, ‘सिरो द कॅसिस’. अण्णांनी रोज दोन ग्लास प्यायले, जाताना बाटली नेली.

शनिवारी सकाळी बोनचा बाजार, ओतेल-द्योच्या समोरच. साडेनऊच्या आत जा. इथून रविवार रात्रीचं सगळं घ्या: ब्रेड, टोमॅटो, फळं, अक्रोड. ज्यांना चालतं त्यांनी एप्वास चीज बघा. मार्क नावाच्या द्राक्षाच्या चोथ्याच्या दारूने पुसत पुसत मुरवतात, वास उग्र, चव मऊ. खोलीच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, खिडकीबाहेर ठेवा.

रविवारची दुपार इथे कुटुंबाच्या जेवणाची असते, तीन-तीन तास. टेबल आत्ताच ठेवा. फ्रेंच येत नसेल तर ईमेल करा, इंग्रजीत लिहिलेलं समजतं. बाबांच्या गुडघ्यांसाठी बोनहून टॅक्सीने पोमार, तिथली चाखणी, मग व्होल्नेपर्यंत सावकाश वेलींतून चालत, वाट चढणीची पण छोटी आहे. त्या दिवसांत पानं पिवळी पडलेली असतील. राहिलेले बारीक घड वेलीवर दिसतील, पण मालक समोर असेल तर विचारा, नसेल तर हात लावू नका. आपल्या बागेत परक्याने हात घातलेला आपल्यालाही नाही चालत.

परत येताना माणशी दोन लिटर दारू भारतात करमुक्त आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. बॅग चेक-इनच करायची, कपड्यांत गुंडाळून मधोमध.

मुक्कामपोस्ट

एकाच उत्पादकाची दोन गावं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी तसंच करणार. गाडीचं म्हणणं मागे घेतो.

पायपीट

निफाडकरदादा, तुमची पोस्ट बाबांनी मोठ्याने वाचून दाखवली. बियांचा भाग त्यांनी वहीत उतरवून घेतला. गुरुवारी सव्वाबाराचं टेबल मिळालं, आईबद्दल लिहिलं होतं तर उत्तर आलं, ‘भोपळा आणि मशरूम, लार्दों नाही.’ रविवारचंही ठरलं. पोमारच्या एका घराने उत्तर दिलंय, तीन वाजता या म्हणून.

आईचा एक प्रश्न उरलाय. ती लोणच्याला मोहरी फेसते, तिला दिजोंची मोहरी कशी करतात ते बघायचंय. बघता येईल का?

निफाडचा वेल (दिजों)

येईल की. त्यासाठी दिजोंला यायचीही गरज नाही, बोनमध्येच फालो आहे, १८४० पासूनचा मोहरीचा कारखाना, अजून दगडी जात्यावर दळतात. आत घेऊन जाऊन दाखवतात, नोंदणी आधी करायची. बुर्गोन्यची म्हणून जी विकतात तिच्यात इथलीच मोहरी आणि इथलीच पांढरी वाईन असते. वाईन आईंना चालत नसेल तर व्हिनेगरची साधी मोहरीही असते, ती मागा.

दाणा भिजवून दळला की पहिल्या दिवशी अंगावर येते, नाकातून थेट डोळ्यांत. आपल्याकडे मोहरी फेसायला बसल्यावर घरभर जो वास होतो, अगदी तोच. चव बघताना चमच्याच्या टोकावर घ्या आणि श्वास तोंडाने सोडा.